आवडत्या लेखकांच्या न वाचलेल्या कादंबऱ्या: कपाटातून हातात येईपर्यंतची रीत

बेळगावातल्या अनगोळला आमच्या घरी काचेचं एक कपाट आहे. तीन वर्षांपूर्वी त्यात ४१ कादंबऱ्या न वाचलेल्या निघाल्या, आणि सगळ्या माझ्या आवडत्या लेखकांच्या. नावडत्या लेखकाचं पुस्तक पडून राहिलं तर समजू शकतं. पण ज्याच्यासाठी कोल्हापूरपर्यंत जाऊन दुकानं पालथी घातली, त्याचीच कादंबरी खाकी कव्हर घालून सात वर्षं उभी?

कारण साधं असतं. आवडत्या लेखकाचं पुस्तक आपण ‘निवांत वाचू’ म्हणून बाजूला ठेवतो आणि हाताला लागेल ते दुसरंच वाचत राहतो. मग एखाद्या एक जानेवारीला ‘यंदा सगळ्या संपवायच्या’ असं ठरतं, सगळ्यांत जाडजूड कादंबरी काढली जाते, नव्वदाव्या पानावर गाडी थांबते आणि कपाट पुन्हा बंद होतं. खानापूर, निपाणी, शहापूर, सगळीकडच्या वाचणाऱ्या ओळखीच्यांकडे मी हेच पाहिलं आहे. चूक वाचण्यात नाही, सुरुवात करण्याच्या क्रमात आहे. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन पायऱ्या सोडून थेट वाचायला बसलात तर दिवाळीपर्यंत परत इथेच याल.

१. सगळ्या एका जागी आणा

हे काम पाऊस पूर्ण उघडल्यावर, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात करावं. एक रविवार पुरतो. जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि घरातल्या सगळ्या न वाचलेल्या कादंबऱ्या तिच्यावर आणा. कपाटातल्या, पलंगाच्या कप्प्यातल्या, माळ्यावरच्या ट्रंकेतल्या, देवघराखालच्या फळीवरच्या. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एखादी असतेच.

फक्त कादंबऱ्या आणि फक्त आवडत्या लेखकांच्या. आवडता लेखक कोणाला म्हणायचं यावर घरात वाद होतो, त्यासाठी माझी कसोटी अशी आहे: ज्याची किमान दोन पुस्तकं शेवटपर्यंत वाचली आणि तिसरं कोणाला न विचारता विकत घेतलं, तो आवडता. लग्नात आहेर म्हणून आलेली, गावच्या साहित्य संमेलनात ओळखीच्याने आग्रहाने हातात दिलेली, पुरस्कार मिळाला म्हणून घेतलेली पुस्तकं यात मिसळू नका. त्यांचा निकाल वेगळा लागतो.

दिलेली पुस्तकंही मोजा. मी स्वतः न वाचलेल्या तीन कादंबऱ्या लोकांना वाचायला दिल्या होत्या, हे त्या दिवशी लक्षात आलं. एक खानापूरच्या जाऊबाईंकडे होती. फोन केला तर म्हणाल्या, “मी वाचली नाही गं अजून, खरं देते की आणून.” (आमच्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ येतं, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) ती आणून द्यायला त्यांना चार महिने लागले. म्हणून असे फोन पहिल्याच दिवशी करा.

सावधान: गोळा करताना एकही पुस्तक उघडून वाचायला लागू नका. ‘दोन पानं बघते’ म्हणून बसलं की रविवार संपतो आणि चादर तशीच गुंडाळून ठेवली जाते.

२. ओल, कसर आणि फर्मे तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात. बेळगावचा पाऊस पुस्तकांना सोसत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे श्रावणात कपाटातल्या साड्यांनाही बुरशीचा वास येतो. जे पुस्तक वर्षानुवर्षं उघडलेलंच नाही त्याची पानं चिकटतात, कडांवर तपकिरी ठिपके येतात. असं पुस्तक हातात घेतलं की नाक मुरडतं आणि आपण ते परत ठेवतो. मनातून वाटत राहतं, वाचायचा मूड नाही. मूड असतो हो, वास नको असतो.

काय करायचं:

पुस्तकं सकाळच्या कोवळ्या उन्हात, शक्यतो व्हरांड्यातल्या उजेडात, तास-दीड तास उघडून उभी ठेवा. पंख्यासारखी पानं पसरून. दुपारच्या कडक उन्हात टाकू नका. कागद पिवळा पडतो आणि डिंकाची बांधणी कडकडीत होऊन पहिल्याच वाचनात पानं सुटतात. बुरशी असेल तर ती आधी पूर्ण वाळू द्या, मग अंगणात जाऊन कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती आणखी पसरेल. नाकातोंडाला रुमाल बांधा.

कपाटात वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवा. डांबराच्या गोळ्या चालतात, पण तो वास पुस्तकात मुरतो आणि रात्री वाचताना डोकं दुखतं. मी त्या सोडून दिल्या. कसर लागते ती बहुतेक खळीच्या आणि डिंकाच्या ओढीने, म्हणून पुस्तकाचा कणा आधी बघा. कपाट भिंतीला चिकटून असेल, त्यातही पावसाचा मारा लागणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला, तर ते वीतभर पुढे ओढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक बंद करून ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. आतली ओल आतच राहते.

आता फर्मे. पुस्तक छापताना मोठ्या कागदावर बहुधा १६ पानं एकदम छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. बांधणीत एखादा फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. माझ्या एका कादंबरीत १६० नंतर थेट १७७ वं पान होतं. हे मला कळलं ते विकत घेतल्यानंतर सहा वर्षांनी, ऐन रंगात आलेल्या प्रसंगात. दुकानदार बदलून कशाला देतोय? बिल कुठे होतं माझ्याकडे? तेव्हा पृष्ठक्रमांक झरझर चाळून बघा. एका पुस्तकाला दोन मिनिटं लागतात. गळालेली पानं वाचनालयातल्या प्रतीवरून झेरॉक्स करून आत ठेवता येतात.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, सुटते आणि अक्षरं घेऊन सुटते. बाइंडरकडे द्या.

तपासणी: पुढे जाण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा मधोमध उघडून नेहमीच्या दिव्याखाली, नेहमीच्या चष्म्याने एक परिच्छेद वाचून बघा. अक्षर बारीक वाटलं तर त्या पुस्तकाला खूण करा. आमच्या वाचनगटातल्या दोघांनी ‘हल्ली कादंबरी झेपत नाही’ म्हणून वाचन सोडलं होतं. दोघांचाही चष्म्याचा नंबर बदलला होता, बाकी काही नाही.

३. गठ्ठे करा

आता चादरीवर गठ्ठे पाडायचे. लेखकाप्रमाणे नाही, न वाचण्याच्या कारणाप्रमाणे.

नुसत्याच राहून गेलेल्या एका बाजूला. सुरू करून सोडलेल्या दुसऱ्या बाजूला. खुणेचं पान, बसचं तिकीट, जे काही आत असेल ते तसंच राहू द्या. मालिकेतल्या, म्हणजे ज्यांच्या आधी किंवा नंतर दुसरं पुस्तक आहे, त्या तिसऱ्या. आणि चौथा गठ्ठा भीतीचा. हा प्रामाणिकपणे करावा लागतो. ज्या लेखकाच्या एका पुस्तकाने आपल्याला विशीत हलवून सोडलं, त्याचं दुसरं पुस्तक आपण उघडत नाही, कारण ते तेवढं नसलं तर? लेखक हयात नसेल तर आणखी एक भीती असते: हे वाचलं की संपलं, आता नवीन काही येणार नाही. माझ्या ४१ पैकी ११ कादंबऱ्या याच गठ्ठ्यात निघाल्या.

पाचवा, छोटा ढीग आपोआप होतो. पुस्तक हातात धरल्यावर लक्षात येतं की हा लेखक आता आपला राहिला नाही. वीस वर्षांपूर्वी होता. ते पुस्तक गावातल्या वाचनालयाला द्या, अपराधी वाटून घेऊ नका. माझ्याकडे अशी पाच निघाली. उरली ३६.

४. क्रम लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिला नियम: आवडत्या लेखकाकडे परत जाताना त्याच्या गाजलेल्या, जाड कादंबरीपासून सुरू करू नका. त्याची बारीक, कमी बोलली गेलेली कादंबरी आधी घ्या. उदाहरण जवळचंच घेते. रणजित देसाई कोवाडचे. ताम्रपर्णीकाठचं हे गाव चंदगड तालुक्यात, आपल्या बेळगावपासून जवळ. घरोघरी ‘स्वामी’ वाचलेली असते, ‘श्रीमान योगी’ अर्धी वाचलेली असते आणि ‘बारी’ किंवा ‘माझा गाव’ कव्हरातच असते. बहुतेक जण ‘श्रीमान योगी’ पूर्ण करूनच पुढे जायचं ठरवतात आणि अडकतात. उलट करा. बेरड समाजाच्या जगण्यावरची ‘बारी’ आधी वाचा. लहान पुस्तकात लेखकाचा आवाज पुन्हा कानात बसतो, त्याच्या वाक्याची लांबी अंगवळणी पडते, आणि अपेक्षेचं ओझं नसल्यामुळे आपण मोकळेपणी वाचतो. मग मोठ्या पुस्तकाची पहिली शंभर पानं जड जात नाहीत.

दुसरा नियम मालिकांचा. इथे मन मानेल तो क्रम चालत नाही.

आनंद यादवांची ‘झोंबी’ वाचून थांबलेले वाचक आपल्या भागात शेकड्यांनी सापडतील. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालं की वाटेतच कागल लागतं, ते या पुस्तकांचं गाव, त्यामुळे प्रत घराघरात असते. पण तिच्यापुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ आहेत, आणि त्या याच क्रमाने वाचायच्या आहेत. हाताला ‘काचवेल’ लागली म्हणून ती आधी वाचाल तर घर सोडून शिकायला निघालेल्या पोराची ओढाताण मनात नसेल आणि पुढचं सगळं कोरडं वाटेल.

भालचंद्र नेमाड्यांच्या बाबतीत गोंधळ दुहेरी आहे. ‘कोसला’ (१९६३) स्वतंत्र आहे, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्या वेगळ्या, त्यांचा क्रम ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. आणि ‘हिंदू’ (२०१०) पुन्हा वेगळी, तिथे खंडेराव. ‘कोसला’नंतर एकदम ‘झूल’ उचलणारे मी पाहिलेत, आणि ‘हे काय कळत नाही बाबा’ म्हणून नेमाडेच सोडून देणारेही.

श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ आधी, ‘गारंबीची राधा’ नंतर. ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे, दोन्ही खंड हाताशी असल्याशिवाय पहिला उघडू नका. पहिला संपल्यावर दुसरा शोधायला निघालात की मध्ये दोन महिने जातात आणि एवढ्या मोठ्या घराण्यातली माणसं विसरायला होतात.

जी. ए. कुलकर्णी आपल्याकडे अनेकांचे आवडते. त्यांची न वाचलेली कादंबरी शोधत बसू नका, त्यांचं स्वतःचं लेखन कथांचं. पण त्यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या बऱ्याच जणांकडे सुट्या सुट्या पडलेल्या असतात. त्यांतल्या तिघी एकमेकींना जोडलेल्या आहेत: आधी ‘रान’, मग ‘शिवार’, मग ‘गाव’. रान तोडून शेत होतं, शेताभोवती वस्ती उभी राहते, म्हणजे नावांतच क्रम आहे. तरी माझ्याकडे कित्येक वर्षं नुसतं ‘गाव’ होतं.

तिसरी गोष्ट खास आपल्या सीमाभागाची. आमच्या घरी सासरे कन्नड शाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांच्या फळीवर भैरप्पांची महाभारतावरची कन्नड कादंबरी ‘पर्व’ आणि माझ्या फळीवर मराठी. मराठी अनुवाद मूळच्या बेळगावच्याच उमा कुलकर्णींचा. अशी जोडी घरात असेल तर काय करावं? दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघण्याचा मोह टाळा. तो अभ्यास होतो, वाचन राहत नाही. मराठीत वाचा, आणि एखादा संवाद फार आवडला तर तेवढाच कन्नडमध्ये शोधून मोठ्याने वाचा किंवा वाचून घ्या. सासऱ्यांकडून असे सात-आठ संवाद मी ऐकले. घरात त्यानंतर आठवडाभर कुंतीबद्दल वाद चालला होता.

अनुवादात नाव बदलतं, हेही ध्यानात ठेवा. शिवराम कारंतांची ‘बेट्टद जीव’ मराठीत ‘डोंगराएवढा’ या नावाने आहे. कन्नड वाचलेली असताना मराठी नवी समजून घेणारे आणि मग वीस पानांवर कपाळाला हात लावणारे आपल्याकडेच सापडणार. मूळ पुस्तकाचं नाव आतल्या श्रेयनामावलीच्या पानावर बहुधा छापलेलं असतं. विकत घेण्याआधी आणि क्रम लावण्याआधी ते पान बघा.

आणि एक. आपल्याच भागातल्या लेखकाला ‘हा काय, घरचाच’ म्हणून यादीच्या तळाशी ढकलू नका. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोऱ्यांचं पुस्तक माझ्याकडे असंच तळाशी गेलं होतं. ज्या बोलीत आपण भांडतो ती छापलेली वाचायला मिळते, आणि बाहेरच्या वाचकाला अडखळवणारा शब्द आपल्याला थांबवत नाही. असं पुस्तक पहिल्या पाचांत हवं.

तपासणी: आता वहीत फक्त पहिल्या सहा पुस्तकांचा क्रम लिहा. छत्तीसच्या छत्तीस लिहू नका. सहामध्ये किमान तीन बारीक असाव्यात, भीतीच्या गठ्ठ्यातली एकच असावी, आणि एकाच लेखकाच्या दोन लागोपाठ नसाव्यात. मालिका असली तरी दोन भागांच्या मध्ये एक पातळसं दुसरं पुस्तक घाला. सलग वाचलं की लेखकाच्या लकबी खुपायला लागतात, आणि दोष आपण त्याच्या माथी मारतो.

५. आपला वेग मोजा

घड्याळ लावून २० मिनिटं नेहमीसारखं वाचा. किती पानं झाली ते लिहा. माझी साधारण १० होतात, म्हणजे तासाला ३०. घट्ट विणीची कादंबरी असेल तर तासाला १५-१८ वर येते. बोलीभाषेतली असेल तर पहिले दोन दिवस आणखी कमी, मग वाढते.

रोज अर्धा तास मिळतो असं धरलं तर दिवसाला १५ पानं. ३०० पानांची कादंबरी २० दिवसांत. माझ्या ३६ पुस्तकांची सरासरी ३०० पानं धरली तर १०,८०० पानं, म्हणजे ७२० दिवस. जवळपास दोन वर्षं, तेही एक दिवस न चुकता. हा आकडा बघून घाबरायचं नाही, पण ‘यंदा सगळ्या’ हा संकल्प का मोडतो ते कळतं. संकल्पाचं गणितच चुकलेलं असतं.

६. महिना आणि जागा ठरवा

जाड कादंबरी कधी सुरू करायची हे पंचांगासारखं बघावं. वैशाखात बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, पाहुणे, लग्नसराई. त्या महिन्यात मोठं काही उघडू नका. गणपतीच्या आठ दिवस आधीपासून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंतही नको, त्या दिवसांत वाचलेलं एक पान डोक्यात राहत नाही. आपल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची आणि कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांना दिवाळीची. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर दोनदा भरतं. शिक्षक आणि आया यांनी हे हिशेबात धरावं.

जाड पुस्तकाचा खरा महिना जुलै. पेरण्या-रोपं उरकलेली नसली तरी संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, टीव्हीचं सिग्नल जातं, वीजही जाते. चार्जिंगचा दिवा आधी भरून ठेवा.

बसमध्ये वाचण्याचा हट्ट करू नका. बेळगाव-खानापूर रोज ये-जा करणारे ‘दीड तास मिळतो की’ म्हणतात, पण धक्क्यांत पाच पानांवर डोळे दुखतात. रेल्वेत जमतं. मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली तर ४० पानं सहज होतात. बसच्या प्रवासाला कथासंग्रह न्या, कादंबरी घरी राहू द्या.

जागा एकच ठेवा आणि त्या जागी त्या वेळी एकच कादंबरी ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तो उलटा करून शेजारी ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्याजवळ बसवून राखण करायला सांगणं.

७. पहिली साठ पानं

प्रस्तावना आधी वाचू नका. मराठी कादंबऱ्यांच्या प्रस्तावना फार उदार असतात, कथानक सांगून मोकळ्या होतात. मलपृष्ठही नको. आवडत्या लेखकाला जाहिरातीची गरज नाही.

पहिली साठ पानं तीन बैठकांत, तीन लागोपाठच्या दिवशी वाचा. मध्ये दिवस गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. अजून फार झालेलं नसतं, त्यामुळे चालतं. या तीन दिवसांत पात्रांची नावं आणि नाती शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा. घराणी, गावं, टोपणनावं. मोठ्या कादंबरीत १५० व्या पानावर ‘हे आबा म्हणजे कोण?’ असा प्रश्न पडला की वाचक थांबतो. ती यादी तिथे कामी येते.

सुरू करून सोडलेल्या गठ्ठ्यातलं पुस्तक असेल तर जुन्या खुणेच्या पानापासून पुढे जाऊ नका. पहिल्या पानापासून घ्या. मी एकदा पान १३४ पासून धरलं आणि दोन दिवस कोण कोणाचा चुलता ते लावत बसले.

८. अडकलात तर

साठ पानांनंतर कंटाळा येणं वेगळं आणि पुस्तक न आवडणं वेगळं. एक दिवस मोठ्याने वाचून बघा, कोणालातरी ऐकवत. सीमाभागातल्या घरात एक तरी माणूस असा असतो ज्याला मराठी उत्तम कळतं पण वाचायला जड जातं; मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेलेली असतात. त्यांना ऐकवा. बोलीभाषेतली कादंबरी तर ऐकवल्याशिवाय पूर्ण उघडतच नाही. दहा पानं ऐकवूनही कोणाला, तुम्हालाही, पुढे काय झालं असं वाटलं नाही तर शंभराव्या पानापर्यंत जा आणि मग सोडा. सोडलेल्या पुस्तकावर तारीख आणि पान लिहा आणि कपाटाबाहेर वेगळ्या जागी ठेवा. परत त्याच फळीवर ठेवलं की ते रोज टोचत राहतं.

दुसरा उपाय जोडीदाराचा. मैत्रिणीला तीच कादंबरी वाचनालयातून काढायला सांगा. तिच्यामागे परत करायची तारीख असते. ती पुढे गेली की आपणही पळतो.

९. नवीन खरेदीला कुंपण

डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशी गावोगावची मराठी साहित्य संमेलनं. तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात आणि हात थरथरतो. खरेदी बंद करा असं मी सांगणार नाही, सांगून कोण ऐकणार? शिवाय तिथे घेतलं नाही तर पुढच्या वर्षी तो विक्रेता येईलच असं नाही. माझा नियम: दोन वाचून झाल्या की एक घ्यायची, आणि ती यादीतल्या लेखकाची नसेल तर बरं. यादीतल्याच लेखकाचं आणखी एक पुस्तक आणलं की आधीचं मागे सरकतं. कपाट भरण्याची सुरुवात अशीच झाली होती.

संमेलनाला जाताना न वाचलेल्यांची पूर्ण यादी मोबाइलमध्ये फोटो काढून न्या. एकच कादंबरी दोनदा घेण्याचा पराक्रम मी दोनदा केला आहे.

१०. राखीव एक

सहा संपल्या की पुढच्या सहांचा क्रम लावा, चौथ्या पायरीपासून. या वेळी भीतीच्या गठ्ठ्यातल्या दोन घ्या. तो गठ्ठा शेवटी एकदम संपवायचा नसतो, पातळ करत न्यायचा असतो.

गेलेल्या लेखकाचं शेवटचं न वाचलेलं पुस्तक राखून ठेवावं का, असं मला बरेच जण विचारतात. ठेवा, पण सगळ्या कपाटात मिळून एकच. प्रत्येक लेखकाचं एक राखायला लागलात तर पुन्हा अकरा होतील. राखीव पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते कधी उघडायचं ती तारीख पेन्सिलीने लिहा आणि घरच्यांना दाखवून ठेवा. माझ्याकडच्या राखीव कादंबरीत येत्या जुलैचा दुसरा रविवार लिहिलेला आहे. फर्मे तपासून झालेत, दिवा चार्ज करायचा आहे.